तेव्हा काटा कांद्यासाठी होता

पत्रक कसं लिहायचं हे मला भाऊंनी शिकवलं. भाऊ म्हणजे आमच्या संघटनेचे सगळ्यात जुने कार्यकर्ते. पांढरी दाढी, खांद्याला झोळी आणि आवाज असा, की सभेला माईक आणला तरी तो बंदच राहतो. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्या पोटात नीट अन्न जावं म्हणून आमची संघटना भांडते. पेठकडच्या पाड्यांवर जाऊन भांडते, नाशिकला कचेरीच्या दारात बसून भांडते आणि समोर कोणी नसलं की आपापसात भांडते. कॉलेज संपल्यावर मी तिथं गेले ती एका उन्हाळ्यापुरती. अजून तिथंच आहे.

भाऊंचं म्हणणं साधं होतं. वाक्य छोटं ठेव आणि शत्रू एकच ठेव. "दोन शत्रू केलेस की वाचणारा विचारात पडतो," ते म्हणायचे, "आणि विचारात पडलेला माणूस पत्रकात भजी बांधतो."

मला हे फार पटलं. मी मूळचीच चिडकी. सातपूरला कामगारांच्या कॉलनीत वाढले. तिथं नळाला पाणी येईपर्यंत बायका दिवसाचं निम्मं भांडण उरकून घ्यायच्या. त्यामुळं शत्रू शोधणं मला कधी जड गेलं नाही. जड गेलं ते आईच्या हृदयाचं आणि ताईच्या गोळ्यांचं प्रकरण आलं तेव्हा.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई जिना चढताना मध्येच थांबायला लागली होती. पण थांबते असं दाखवायचं नाही, म्हणून ती पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या दारातल्या चपला निरखत उभी राहायची. "नवीन घेतल्या का हो? छान आहेत." काकूंना वाटायचं, काय प्रेमळ बाई आहे, येता-जाता विचारपूस करते. एक दिवस काकूच मला म्हणाल्या, "तुझ्या आईला माझ्या चपला एवढ्या आवडतात, तर तिच्यासाठीही आणू का एक जोड?"

तेव्हा मला शंका आली. कारण काकूंच्या चपला मी पाहिल्या होत्या.

धरून-बांधून आईला हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्याहून थोडीच मोठी बाई, पण फार शांत. सगळ्या तपासण्या झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुमचा रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला असणार. त्याच्याशी झटून झटून हृदयाची भिंत जाड झालीय. गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही." मग कागदावर लिहिता लिहिता तिनं सहज विचारलं, "जन्माच्या वेळी तुमचं वजन किती होतं, माहीत आहे?"

"कोणी केलंच नाही," आई म्हणाली. "आमच्या देवळा गावाकडं तेव्हा काटा कांद्यासाठी होता."

डॉक्टर हसली. आईनं विनोद केलेला नव्हता.

"धान्याच्या मापट्यात मावेल एवढी होते म्हणतात," आई पुढं म्हणाली. "गोधडीत गुंडाळून ठेवलं की सापडायची नाही. आई म्हणायची, आधी गोधडी झटकू नका, आत पोरगी असंल."

"लहानपणी माती, खडू, असलं काही खायचात का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पाटीवरची पेन्सिल."

"किती?"

"मिळेल तेवढी. गुरुजी मला लिहायला पेन्सिल देतच नसत. ती दुसऱ्या पोरीच्या हातात द्यायचे आणि मी सांगेन ते तिच्याकडून लिहून घ्यायचे. पण माझं काहीच नाही. माझ्या आईला मी पोटात असताना भिंतीच्या पोपड्यांचे डोहाळे लागले होते. आमच्या घराची मागची भिंत त्या वर्षी बारीक झाली, असं मामा अजून सांगतो."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. अंगात लोह फार कमी झालं की माणसाला माती, खडू, पेन्सिल असलं खावंसं वाटतं. आणि आईच्याच अंगात लोह नसेल तर पोटातल्या बाळाला कुठून मिळणार? मग ते बाळ काटकसर करतं. असेल तेवढं आधी जगण्यापुरतं वापरतं, बाकीच्या बांधकामात हात आखडता घेतं. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या कमी तयार होतात, हृदयाची घडण बदलते. जन्मल्यावर काही दिसत नाही, पोरगी खेळते, बागडते, पेन्सिली खाते. चाळिशी-पन्नाशीला रक्तदाब वर येतो आणि सगळा भार हृदयावर पडतो.

"असं होण्याची शक्यता वाढते," डॉक्टर म्हणाली. "तुमच्या बाबतीत हेच कारण, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. याचा अभ्यास अजून चालू आहे. मीठ आहे, वय आहे, घराण्यात असू शकतं. लोणचं किती खाता?"

आईनं लोणच्याचं उत्तर दिलं नाही. माझं मात्र लोणच्याकडं लक्षच नव्हतं. माझं रक्त उकळत होतं. त्याला भरपूर कारण होतं, कारण त्याच आठवड्यात लासलगावहून ताईचा फोन आला होता.

ताई माझी मोठी बहीण. लासलगावला दिलेली, पहिलटकरीण, सहावा सरत आलेला. दाजी बाजार समितीजवळच्या एका भुईकाट्यावर कामाला. भुईकाटा म्हणजे ज्यावर कांद्याचा अख्खा ट्रॅक्टर चढवून वजन करतात तो. ताईच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता आणि हिमोग्लोबिन होतं आठ. तीन महिने लोहाच्या गोळ्या घरी येत होत्या, आणि आकडा जागचा हलत नव्हता. तिथल्या डॉक्टरनं बजावलं होतं की वाढलं नाही तर बाळंतपणात तिच्या जिवावर बेतू शकतं, आणि बाळ तर अशक्त होईलच.

म्हणजे आजीनं भिंत खाल्ली, आईनं पेन्सिल खाल्ली, आणि आता ताईच्या पोटातलं पोर मापट्यात मावायच्या वाटेवर होतं. पन्नाशीत तेही कुणाच्या तरी चपला निरखत जिन्यात उभं राहणार. मी हे होऊ देणार नव्हते. आणि आमच्याकडं काही होऊ द्यायचं नसलं की पत्रक काढतात.

पहिला मसुदा एका बैठकीत झाला. वर ठळक ओळ: "तुमचा हृदयविकार तुमच्या आईच्या पोटात सुरू झाला!" खाली मी डॉक्टरची 'शक्यता' प्रामाणिकपणे लिहिली होती. भाऊंनी ती खोडली.

"पत्रकात शक्यता नसते."

"पण भाऊ, डॉक्टर म्हणाली..."

"डॉक्टरला मोर्चा काढायचाय का? आपल्याला काढायचाय. 'शक्यता निर्माण करणाऱ्यांचा धिक्कार असो,' अशी घोषणा दे बरं एकदा. देऊन बघ."

मी मनात देऊन बघितली. जमेना.

आईनं तो मसुदा मेथी निवडताना वाचला. दोनदा वाचला. जुडी बाजूला ठेवली.

"माझ्या आईनं तुझं काय केलं गं?"

"आजीला नाही म्हणत मी, आई. हे सगळं..."

"लिहिलंय की. आईच्या पोटात सुरू झाला. म्हणजे तिनं मला दुखणं दिलं." आईचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "दिवसभर वाकून कांदे काढायची ती. घरी आली की सगळ्यांचं वाढायची, आणि सगळे उठले की तव्यावर चिकटलेला तुकडा खरवडून खायची. तिला कोणी विचारलं होतं का, बाई तुझ्यात लोखंड किती आहे? मग आता मेल्यावर तिच्या नावानं कशाला छापतेस?"

मी मसुदा फाडला. पण चीडही आली, कारण आता शत्रूच उरला नाही. आजी नाही, आई तर नाहीच. मग आजीला शेवटी कोण जेवायला लावत होतं? सासू! ताईच्या गोळ्या कुठं जात असतील? पाड्यांवर आम्ही नेहमी ऐकायचो. गोळीनं बाळ काळं होतं, गोळीनं बाळ मोठं होतं आणि अडतं, म्हणून सासवा गोळ्या चुलीत टाकतात. ताईला फोनवर विचारलं, "गोळ्या घेतेस ना?" तर ती म्हणाली, "घेते गं." पण मागं तिच्या सासूबाईंचा आवाज येत होता. माझ्या कानाला तो 'घेते गं' दबावाखाली दिलेला जबाब वाटला.

दुसऱ्या दिवशी पत्रक तयार. "सासूबाई, सुनेची गोळी सोडा!" लाल अक्षरं, अर्धं पान. भाऊ इतके खूश झाले की त्यांनी अक्षरं अजून मोठी करायला लावली. त्यामुळं गोळी कशी घ्यायची, काय खायचं ही बाकीची माहिती मागच्या बाजूला गेली, आणि तिथंही संघटनेच्या मागण्या आल्यावर ती इतकी बारीक झाली की मुंग्यांची रांग वाटावी. ती मी एका आरोग्यपुस्तिकेतून उतरवली होती. उतरवली म्हणजे डोळ्यांनी बघितली आणि हातांनी टाईप केली. मध्ये डोकं नव्हतं.

नाशिकच्या बसस्टँडवर थोडी वाटून बघितली. एका गृहस्थांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "हार्टचं काही नसतं हो, सगळा गॅस असतो." मी उरलेला गठ्ठा पिशवीत घातला. कारण रविवारी ताईचं डोहाळजेवण होतं.

लासलगावात रविवारी लिलाव नसतात, म्हणून तो दिवस धरलेला. घरापुढं मंडप, फुलांनी सजवलेला झोपाळा, विहारातल्या बायका, गल्लीतल्या बायका, आणि या सगळ्यावर कांद्याचा वास. लासलगावात अत्तर लावून काही उपयोग नसतो. ताई हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने, आणि ओठ पांढरेफटक. तिला बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी मला जड वाटायला लागली.

मी सरळ परसात गेले. तिथं तेलाच्या डब्यात कढीपत्ता लावलेला होता, आणि काय तरारलेला! हिरवागार, माझ्या खांद्याला लागेल एवढा. कोणाच्या गोळ्यांवर वाढला असेल हा? मी स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि बुडाची माती उकरायला लागले.

"काय शोधतीस गं पोरी?" मागं ताईच्या सासूबाई. बुटक्या, गोल, कमरेला चाव्यांचा जुडगा.

"काही नाही मावशी. माती बघते."

"खायचीय का?" त्यांनी खरोखरीच्या काळजीनं विचारलं. "न्हाय, तुमच्या घरात हाय म्हणं ती सवय. भाजून देऊ का?"

मी चमचा धुऊन ठेवला. गोळी एकही सापडली नव्हती. पण पत्रकाच्या शाळेत शिकलेला माणूस पुराव्यासाठी थांबत नाही.

डोहाळजेवणात एक खेळ असतो. दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पोटुशी बाईनं एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. या खेळाचा मला लहानपणापासून संताप आहे. मुलगा की मुलगी, मुलगा की मुलगी. जिच्या अंगात रक्त नाही तिला विचारायचं काय, तर पेढा की बर्फी! वाट्या माजघरात झाकून ठेवल्या होत्या. मी दोन्ही उचलल्या आणि दोन्हींखाली पिशवीतून आणलेली एकेक लाल लोहाची गोळी ठेवली. पेढा आणि बर्फी मी खाल्ली. दारात आई उभी होती.

"काय खातेस?"

"काही नाही."

"सुधरणार नाहीस," आई म्हणाली आणि निघून गेली. तिला वाटलं मी नुसती हावरट आहे.

सगळ्या बायका झोपाळ्याभोवती जमल्या. गाणी झाली, चेष्टा झाली. ताईनं लाजत लाजत उजवीकडची वाटी उचलली.



"हे काय?" कोणीतरी विचारलं.

"जेम्सची गोळी हाय का?"

"दुसरी बघा, दुसरी बघा!"

दुसरी उचलली. तिच्याखालीही तेच.

"जुळं हाय!" मागून एक म्हातारी ओरडली आणि टाळ्या सुरू झाल्या.

"जुळं कशानं? गोळी हाय ती. डॉक्टर व्हणार पोर!"

"नायतर मेडिकलचं दुकान टाकंल."

हा गोंधळ मला परवडणारा नव्हता. मी झोपाळ्यासमोर उभी राहिले आणि भाऊंचा आवाज काढला. "मुलगा की मुलगी ते सोडा! माझ्या बहिणीच्या अंगात रक्त आठ आहे! तीन महिने या घरात गोळ्या येतात, त्या जातात कुठं?" आणि पिशवीतून गठ्ठा काढून वाटायला लागले. लाल अक्षरं, अर्धं पान. सासूबाई, सुनेची गोळी सोडा! मंडपातल्या निम्म्याहून जास्त बायका कुणाच्या ना कुणाच्या सासू होत्या.

ताईनं डोळे मिटून घेतले. आई माझ्याकडं अशी बघत होती, की मी तिथल्या तिथं मापट्यात मावेन एवढी झाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सासूबाईंनी पत्रक वाचलं. घडी घातली. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात रबर लावलेला एक जुडगा होता. गोळ्यांची रिकामी पाकिटं. एकूण एक रिकामी.

"ही बघ," त्या म्हणाल्या. "येक बी गोळी फुकट गेली नाय. रोज रातच्याला मी सवताच्या हातानं देते. ही लाल आन् ती कॅल्शियमची पांढरी, दोन्ही येकदम, वरनं पेलाभर गरम दूध. इलायची घालून. तिला आवडत नाय तरी देते, बाबापुता करून. माझ्या पोटी लेक नाय, म्हणून ही माझी लेक. आन् मी गोळी अडवली व्हय?"

हातात उरलेली पत्रकं मी पाठीमागं लपवली. 

या सगळ्यात एक आवाज मात्र चालूच होता. शेजारच्या चष्मेवाल्या काकू. यांना वाचायचं व्यसन. वाणसामानाच्या पुडीचा कागदही त्या वाचल्याशिवाय टाकत नाहीत, असं नंतर कळलं. त्या पत्रक उलटं करून, नाकाला लावून, मुंग्यांची रांग मोठ्यानं वाचत होत्या: "...लोहाची गोळी दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. अशाने लोह अंगी लागत नाही. दोन गोळ्यांत काही तासांचे अंतर ठेवावे. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास..." त्यांनी मान वर केली. "मग हे दूध देतात ते चुकीचंच की हो."

सासूबाईंनी त्यांच्या हातातून पत्रक घेतलं. मागची बाजू बघितली. पुढची बाजू बघितली. मग माझ्यापुढं धरलं.

"हे तुला ठाऊक व्हतं?"

"म्हणजे... छापलंय ना आम्ही."

"कुठं छापलंय? हे?" त्यांचं बोट त्या मुंग्यांवर. "पोरी, तीन महिने मी दूध पाजते, तीन महिने माझी सून पांढरी पडत चाललीय. आन् जे सांगायचं ते तू हितं लपवून ठिवलंस, आन् मला शिव्या द्यायला येवढं मोठं अक्षर? हे वर छापायचं का नाय?"

  नंतर मी हाच प्रश्न भाऊंना विचारला, तर त्यांनाही उत्तर सुचलं नाही, आणि भाऊंना न सुचणं ही आमच्याकडं मोठी घटना आहे.

"तशी मी तरी कुठं रोज घेते," आई मध्येच म्हणाली. बिचारी वातावरण हलकं करायला गेली. "बीपीची गोळी हो. डोकं जड वाटलं तर घेते, नाहीतर राहू देते. उगाच रोज कशाला."

सगळ्या मंडपाच्या माना आईकडं वळल्या. सासूबाईंच्या डोळ्यांत एक नवीन चमक आली. मी शत्रू शोधायला आले होते. त्यांना कामगिरी सापडली.

त्या दिवसापासून लासलगावच्या घरात दुधाला आणि चहाला वेळापत्रक लागलं. दुपारी, पोटात जेवण जिरल्यावर, लाल गोळी आणि लिंबूपाणी. पांढरी गोळी आणि दूध रात्री. ताईच्या आसपास दुपारी चहाची कपबशी वाजलेली चालत नसे. दाजी सांगतात, त्यांना चहा प्यायला भुईकाट्यावर जावं लागायचं, आणि परत आल्यावर सासूबाई त्यांच्या तोंडाचा वास घ्यायच्या. "लोकांच्या आया दारूसाठी वास घेतात," ते म्हणाले. ताईच्या डॉक्टरनंही सगळं ऐकून तसंच घ्यायला सांगितलं आणि पुढच्या तपासणीची तारीख दिली.

आणि रोज संध्याकाळी सातपूरला आमच्याकडं फोन यायचा. व्हिडिओवर.

"विहीणबाई, गोळी झाली का?"

"झाली हो, सकाळीच."

"पाकीट दाखवा."

आई पाकीट दाखवायची. एकदा तिनं कालचंच दाखवलं, तर पलीकडून आवाज आला, "येक घर भरलेलं दिसतंय मला. डोळे गेले नायत अजून." मी इतकी वर्षं पत्रकं काढतेय, एवढी धाक बसवणारी कार्यकर्ती आमच्या संघटनेत नाही. आईचं लोणचंही त्यांनीच बंद केलं. डॉक्टरला जे उत्तर आईनं दिलं नव्हतं ते विहीणबाईंनी कॅमेऱ्यात बरणी बघून काढून घेतलं.

मी नवीन पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात: "लोहाची गोळी दुधासोबत नको, चहासोबत नको." शक्यता हा शब्दही ठेवला. आजच्या गोळीनं उद्याच्या पोराच्या हृदयाची काळजी कमी होण्याची शक्यता आहे, असं सरळ लिहिलं. भाऊंनी वाचलं, दाढी खाजवली.

"शत्रू कोण यात?"

"दूध," मी म्हटलं.

"दुधाविरुद्ध पत्रक?" भाऊंनी खिडकी लावून घेतली. "हळू बोल. या जिल्ह्यात राहायचंय आपल्याला."

पण छापलं. पहिला गठ्ठा सासूबाईंनीच मागवून घेतला.

ताई बाळंतपणाला नाशिकला आली तेव्हा तिचे ओठ मला आधी ओळखू आले नाहीत. शेवटच्या रिपोर्टात आकडा अकराच्या घरात गेला होता. तरी कळा सुरू झाल्या त्या दुपारी आम्ही सगळेच दवाखान्यात पांढरे पडलो होतो. दाजी बाहेरच्या बाकावर, सासूबाई दारापाशी, मी उभी. मग आईला घरून आणायला मी गेले आणि आम्ही परतलो तोवर लिफ्टमध्ये स्ट्रेचर अडकून बसलं होतं. जिन्यानं निघालो.

पहिल्या मजल्यावर वॉर्डाच्या दाराशी चपलांचा ढीग होता. आई थांबली. नजर सवयीनं चपलांकडं गेली. मला वाटलं, आता म्हणेल, छान आहेत. तिनं कठडा धरला.

"दम लागलाय गं," ती म्हणाली. "थांबूया जरा."

इतक्या वर्षांत तिनं हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. आम्ही थांबलो. वरून रडण्याचा आवाज आला. बारीक नव्हता, चांगला घसा फोडून, भाऊंना माईक बंद ठेवायला लावेल असा.

वर पोहोचलो तेव्हा दारात वाद चालू होता. सिस्टर बाळाला काट्यावर ठेवायला निघालेली आणि दाजी आडवे.

"सिस्टर, आधी रिकामा काटा शून्यावर दाखवा."

"बाजूला व्हा हो. कांदे आहेत का हे?"

"नाहीत, म्हणून तर म्हणतो."

"दाखवा की मग," सासूबाई म्हणाल्या. "त्याचा धंदाच हाय तो."

सिस्टरनं कपाळाला आठ्या घालून शून्य दाखवलं. दाजींनी वाकून खात्री केली. मग बाळ काट्यावर गेलं, लाल, संतापलेलं, पाय झाडत. आकडा वर-खाली झाला आणि थांबला.

"पावणेतीन किलो," सिस्टर म्हणाली.

"पावणेतीन," दाजी म्हणाले.

"पावणेतीन!" सासूबाईंनी फोन काढला आणि लासलगावला कळवलं. पलीकडं काय विचारलं गेलं ते सगळ्यांना ऐकू आलं, कारण त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो: "मुलगा का मुलगी?" सासूबाईंनी आमच्याकडं बघितलं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. विचारायचं राहूनच गेलं होतं.

"ताई ठीक आहे ना?" मी सिस्टरला विचारलं.

"मस्त आहे. चहा मागतेय."

"चहा न्हाय!" सासूबाई दारातून ओरडल्या. "गोळी झाल्याबिगर चहा न्हाय!"

आई मात्र अजून काट्यापाशीच उभी होती. बाळ उचललं गेलं होतं, आकडा परत शून्यावर आला होता, तरी ती तिकडंच बघत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढासा काटा," ती म्हणाली. "फक्त पोरांसाठी."